निळ्याला निळं जोडणारे साडभाऊ

स्वच्छ निळ्या आभाळाला शिव्या घालणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. हे माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोंदियात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. धान कापणीच्या दिवसांत आभाळ धुतल्यासारखं लख्ख होतं, माणसं अंगणात खाट टाकून म्हणतात, काय मस्त दिवस आहे. साडभाऊ मात्र दारातून वर बघतात आणि घरात मयत झाल्यासारखं तोंड करून म्हणतात, "सत्यानास. एक ढग नाही ठेवला."

त्यालाही कारण आहे. पोट भरतं लग्नाच्या फोटोंवर, पण जीव त्यांचा पॅनोरामात. कॅमेरा तिपाईवर ठेवून थोडा थोडा फिरवायचा, फोटोमागून फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर ते जोडून चहूबाजूंचं एकच चित्र करायचं. शेजारच्या दोन फोटोंत एकच झाड, एकच दगड दिसला की कॉम्प्युटर तिथं टाका घालतो. निरभ्र आभाळात टाका घालणार कुठं? निळ्याशेजारी निळं. कॉम्प्युटर गांगरतो, आभाळाचे तुकडे वाटेल तिथं फेकतो, नाहीतर मधे भोक ठेवतो. गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी यांनी त्यावर तोड काढली होती. पाव्हण्यांना पंगतीतून उठवून गच्चीच्या कडेला उभं केलं, हातात चिंचा पाडायचे लांब बांबू दिले, शेंड्यांना लाल चिंध्या बांधल्या. चिंध्यांवरून जोड बसवायचा आणि मग त्या पुसून टाकायच्या, असा बेत. एक चिंधी पुसायची राहिली. आजही बैठकीतला तो फोटो पाहून येणारा-जाणारा विचारतो, हा झेंडा कोणत्या पार्टीचा?

दुसरं आभाळ चिकटवून द्या, असं त्यांना म्हणायची सोय नाही. बाकीचे स्टुडिओवाले तेच करतात. नवरदेव सौंदडचा आणि त्याच्या डोक्यावर आभाळ कुठल्या तरी परदेशातलं. साडभाऊ त्याला चोरीचं आभाळ म्हणतात. एका वधूपित्यानं फारच हट्ट धरला तेव्हा यांनी सांगितलं, "मग पोरगीही दुसऱ्याची चिकटवून देतो, चालते का?" ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, तोवर सौंदडला आमच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. पडून कंबरेचं हाड मोडलं, ताप उतरेना, आणि डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हटलं. याचा अर्थ सगळ्यांना कळला, आईंनाही. सासरे होते तेव्हा दोघं महाशिवरात्रीला आमच्या गोंदिया जिल्ह्यातला प्रतापगड चढायचे, महादेवाचं दर्शन घेऊन दर्ग्यावरही डोकं टेकायचे. आई म्हणाल्या, "जवाईबापू, हा स्लॅब पाहून पाहून कंटाळली मी. एक डाव गडावर जाऊन आली असती तर बरं झालं असतं." साडभाऊंनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि स्टूल मागवून तिथल्या तिथं पंखाच काढला. गडावरचा सगळा देखावा टिपायचा, वाढदिवसाचे फ्लेक्स छापतात तसा मोठा छापायचा आणि छताला ठोकायचा. कडेकडेनं जंगल, डोंगर, धानाच्या बांध्या आणि मधोमध आभाळ. "पडलेल्या माणसाले आभाळच दिसते, भाऊ," ते मला म्हणाले. "तेच खोटं देऊ काय?"

पण आभाळ असं की ढगाचं नाव नाही. साडभाऊ गडावर जाऊन आले आणि कॉम्प्युटरनं आभाळाच्या चिंधड्या करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तेच. इकडे आईंचं जेवण सुटलं, आवाज बसला. डोळे उघडले की एकच विचारायच्या, "आले का गडावरून?" माझी बायको माझ्यावर उखडली, कारण थोरल्या जावयावर उखडता येत नव्हतं. "फोटो कायले पाहिजे? माणूस जवळ पाहिजे. ते काऊन डोंगरावर बसून राहिले?" मलाही तिचंच पटत होतं. फोन लावला.

"साडभाऊ, आईंच्या हाती वेळ नाही. आमच्या गच्चीवरचं आभाळ घ्या. निळं ते निळं. त्यांना काय कळणार आहे?"

पलीकडे गडावरचा वारा घोंघावत होता. साडभाऊ म्हणाले, "त्यायले नाही कळणार. मले कळते ना."

"आणि तोवर त्या गेल्या तर?"

"तर जन्मभर शिव्या खाईन. ठेवा फोन, काम करून राहिलो."

असा संताप आला की विचारू नका. माणसाच्या हट्टाला काही सुमार असतो की नाही? पुढच्या दिवशी दुपार कलल्यावर त्यांचाच फोन आला. आवाज अगदी बारीक. "भाऊ, चांद आहे वर." दिवसाउजेडी अर्धा, फिकट चंद्र. जागचा हलायची घाई नसलेला. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तो येईल असा कॅमेरा कलवून त्यांनी सगळं आभाळ त्या एका चंद्राला टाचलं. "कालही असंल तो," ते म्हणाले. "मी मूर्ख, ढगच शोधून राहिलो होतो."

रातोरात छापून आणलेला फ्लेक्स सकाळी छताला लागला तेव्हा आईंचे डोळे मिटलेले होते. हाक दिली, उघडले नाहीत. बायकोनं कानाशी वाकून पुन्हा हाक दिली. साडभाऊ ठोकून झाल्यावर दारापाशी जाऊन थांबले, हातात हातोडी, जवळ यायचं त्यांना सुचेना. मी वर जोड शोधत होतो, खरं सांगतो, मला एकही सापडला नाही. शेवटी आईंच्या पापण्या हलल्या. त्यांनी वर पाहिलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश नजर फिरवली, मधे थांबल्या आणि डोळे बारीक केले.

"ऊन लागून राहिलं वो माय," त्या म्हणाल्या. "पदर ओढून दे डोक्यावर."

बायकोनं त्यांचा पदर कपाळावर ओढला. साडभाऊंच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आई पुढं थोडेच दिवस होत्या. साडभाऊंनी ते सगळे दिवस स्टुडिओ बंद ठेवला. उशाशी बसून राहायचे आणि पदर सरकला की पुन्हा नीट करायचे.