लेहच्या चढावर कुणाचं डोकं दुखलं

प्रज्ञा, ये बाई, बस अशी जवळ. अन् मधेच पळू नकोस – 'मोठी आई, नंतर बोलते' म्हणतेस, आणि तुझं नंतर काही लवकर उगवत नाही. आज पुरतं ऐकून घे. हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. तुझ्या मोठ्या बाबांपाशीसुद्धा नाही.

परवा तुझा फोन आला. हिमाचलात डोंगर चढायला जायचंय, आईला नको, तिला उंची सोसत नाही, तुला नेते – म्हणालीस. आणि मी काय म्हणाले? 'बरं' म्हणाले. लगेच म्हणाले! फोन ठेवला तेव्हा मात्र पुढ्यातली गवार निवडायची तशीच राहिली.

कुठून सुरू करू? पाण्यापासून करते.

आपल्याकडच्या बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. तुला हसू येईल – पण एसटीत बसल्यावर मधे बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून निघतानाच घोट कमी करायचा. ती सवय हाडात मुरलेली. विहारातल्या आम्ही बाया लेहला गेलो, तिथंही ती सोबत आली. नेणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं – पाणी पीत राहा, डोकं दुखलं तर लपवू नका, दुखत असेल तर वर चढू नका. तुझी आई निमूट पीत होती. 'लाज कसली बाई, दगडाआड जाऊन यायचं की,' म्हणायची. मी? मी दोन घोटांवर दिवस काढत होते.

डोंगरावरच्या जुन्या गोंपाला, म्हणजे तिकडच्या विहाराला, पायी चढायचं होतं. त्या दिवशी पौर्णिमा होती. मी सकाळी उपोसथाचं अष्टशील घेतलं – त्या दिवसापुरती पाळायची आठ शीलं – पांढरी साडी नेसून, सगळ्यांच्या पुढं बसून. आपल्या विहारात वंदना मीच सांगते ना – पुढं बसायची सवयच लागलेली. चढाला लागलो आणि कानशिलं ठणकायला लागली. पाय तर दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. बाकीच्या बाया पुढं गेल्या. मागं मी, तुझी आई आणि वाटाड्या. त्यानं बाटली पुढं केली – 'माताजी, पानी पिओ. सर दुखता है क्या?'

मी म्हणाले, 'नहीं नहीं. आज मेरा उपोसथ है. पानी नहीं चलता.'

आता तुला काय सांगू? उपोसथात दुपारनंतर जेवत नाहीत. पाण्याला कुणी अडवलंय? आणि खोटं बोलणार नाही, हे शील तर मी त्याच सकाळी घेतलेलं! तुझ्या आईला हे सगळं ठाऊक. परक्या माणसापुढं थोरल्या जावेला ती कशी खोटी पाडणार?

पुढच्या वळणावर मी ओकले आणि खाली बसले, ती उठेचना. वाटाड्या म्हणाला, आत्ताच्या आत्ता खाली. वर गोंपाच्या पांढऱ्या भिंती दिसत होत्या. तुझी आई धडधाकट होती गं – गाल लाल झालेले, मघापासून गुणगुणत चाललेली. तिनं एकदा वर बघितलं. मग माझ्या काखेत हात घातला. 'उठा बाई. डोंगर कुठं पळून जातोय?'

वाटाड्या एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं. दर थांब्याला मला पाणी पाजत तिनं खाली आणलं. जसजसं उतरलो तसतसं डोकं सुटत गेलं. मुक्कामावर आलो तेव्हा मी चांगली सावरले होते, आणि ती माझं ओझं वाहून दमलेली – आडवी पडली. नेमक्या तेव्हाच बाया परत आल्या. 'शांताला काय झालं?' म्हणाल्या.

झालं. मी तोंड उघडलं. 'तिला उंची सोसली न्हाय. तिच्यापायी मला बी मागं फिरावं लागलं.'

तुझी आई जागी होती. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, 'व्हय. डोकं लई दुखत हुतं.'

मला चढता आलं नाही हे सांगायचं नव्हतं – एवढंच. यापलीकडं कारण नाही.

तेव्हापासून एसटी येडशीच्या घाटाला लागली की बाया ओरडतात, 'शांताबाई, घाट आला, डोकं धरा!' सगळ्यांत मोठ्यानं मी हसते. एकदा तीही हसून म्हणाली, 'धरते की. कुणाचं धरू, सांगा.' बायांना मजा वाटली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

तशी मी सुखात आहे, प्रज्ञा. खोटं कशाला सांगू? रात्री झोप लागते. दुपारी आम्ही दोघी एकाच चटईवर बसून शेंगा फोडतो, कोण किती खाल्ल्या यावरून भांडतो. पण काल ती आपला लोकरीचा स्वेटर उन्हात टाकून घेऊन आली. 'तुमी चाललाय म्हणं पोरीसंगं. घ्या. वर गार असतंय.' घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. तिला जायचं होतं का, हे कुणी विचारलंच नाही तिला. मीही नाही.

तिकीट आईच्या नावाचं काढ. रविवारी विहारात बायांपुढं मी हे सगळं सांगणार आहे, आणि तेव्हा ती समोर असेल. माफ कर म्हणत नाही, तुला नाही आणि तिलाही नाही. तिनं माझं काय करायचं ते तिचं ती बघेल.

तू तेवढी उद्या सकाळी लवकर ये. तिला डोंगरात चालायचे बूट घ्यायला धाराशिवला जाऊ. तिचा पाय रुंद आहे, घालून बघितल्याशिवाय नाही जमायचं.