हात पाठीमागे बांधून

आमच्या सायकल दुरुस्ती मंडळाचा एकच नियम आहे आणि तो मला मुळीच झेपत नाही. दर शनिवारी सकाळी सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही पाने, पंप आणि पंक्चरचं सामान मांडून बसतो. कुणीही यावं, सायकल आणावी, फुकट दुरुस्त करून न्यावी. फक्त दुरुस्ती ज्याची त्यानं स्वतः करायची. आम्ही स्वयंसेवकांनी हात पाठीमागे बांधून नुसतं सांगायचं. मंडळ चालवणाऱ्या बाई शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्या आहेत, निदान कागदोपत्री. कुणी हात लावलेला दिसला की शिट्टी वाजते, आणि त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा.

मी पस्तीस वर्षं तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स सांभाळला. समोरचा माणूस पाना उलटासुलटा धरतोय आणि आपण बघत उभे आहोत, ही मला शिक्षाच. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या हाताखाली एकही माणूस धड काही शिकला नाही, पण माझ्या चहाचं नाव शेजारच्या सोसायटीपर्यंत गेलं.

अशाच एका शनिवारी करावे गावातली मासेवाली मावशी आली. वयानं ती माझ्याहून लहानच असेल, पण मासेवालीला मावशी म्हटल्याशिवाय आपल्याला घासाघीस करता येत नाही. शनिवारी मासे फारसे खपत नाहीत, म्हणून तिला सवड होती. मुलानं मोटरसायकल घेतल्यापासून धूळ खात पडलेली त्याची सायकल ती ढकलत घेऊन आली होती. डावं पायडल मोडलेलं होतं. बाई दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक शिकवत होत्या, मी मोकळा होतो. मावशी सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"उद्या सकाली सातला मना सायकल पायजे," ती म्हणाली. "डोक्यावर पाटी घेऊन इकडं पोचायला मना नऊ वाजतात. तो स्कूटरवाला साडेसातलाच बर्फाचा डबा घेऊन येतो. मी येईपर्यंत सगल्यांच्या घरी कालवन शिजतंय. दोन रविवार अर्धी पाटी परत नेली. उद्या पन नेली ना, तर इकडं येनं बंदच करनार."

मी मान हलवली. जरा जास्तच हलवली. कारण त्या स्कूटरवाल्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकला होता. 'ताजी मासळी, दारात, वेळेवर' असं लिहून वर तीन टाळ्या. ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही. त्याऐवजी मी मनाशी ठरवलं की आज हिची सायकल झालीच पाहिजे, आणि तीही हात न लावता. दोन्ही हात मी मागे इतके घट्ट बांधले की बोटांना मुंग्या आल्या.

"मोडकं पायडल आधी काढायचं," मी सांगितलं. "पाना लावा आणि घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा."

तिनं फिरवला. पायडल हललं नाही.

"जोर लावा, मावशी."

तिनं जोर लावला. वर्षानुवर्षं डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईचा जोर होता तो. सायकल कण्हली.

"साहेब, ह्ये तर घट्टच होत चाललंय."

"गंज धरलाय म्हणून तसं वाटतं. पस्तीस वर्षं मशीनी खोलल्यात मी. लावा जोर!"

तिनं पदर खोचला आणि पान्यावर उभी राहिली. चक्क दोन्ही पायांनी. आणि त्या क्षणी मला आठवलं की सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जगातला प्रत्येक नट ज्या बाजूला सुटतो, त्या बाजूला हे एकटं पायडल आवळलं जातं. पंक्चरवाल्याकडे हवा भरायला आलेल्या शाळकरी पोरालाही हे माहीत असतं. मी कारखान्यात माणसांकडून मशीनी खोलून घेत होतो, मंडळात येण्याआधी स्वतः पाना धरून किती वर्षं झाली होती देव जाणे.

माझे हात आपोआप सुटले. शिट्टी वाजली.

"बाई, आज एकदाच हात लावू द्या," मी काकुळतीला आलो. "यांना उद्या सकाळी सायकल पाहिजे आणि मी चुकीचं सांगितलंय."

"चूक तोंडानं केलीत ना?" बाई म्हणाल्या. "मग तोंडानंच निस्तरा."

सगळं पार्किंग बघत होतं. "मावशी, मी चुकलो," मी म्हणालो. "आता घड्याळाच्या दिशेनं फिरवा. मघाशी तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर होतं." हे वाक्य मी कारखान्यात कधी उच्चारलं नव्हतं, घरी तर नाहीच. कानांपर्यंत गरम झालो.

मग मी सांगत गेलो तसा मावशीनं पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला, आट्यांत तेल सोडलं, आणि ती त्या पाइपला लोंबकळली. तासाभरानं कडाक् आवाज झाला आणि मोडकं पायडल सुटलं. मंडळाच्या पेटीतलं नवं तिनं न विचारता योग्य बाजूला फिरवून बसवलं. मी मुकाट्यानं चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच मी गेटवर उभा होतो. सातला दहा मिनिटं असताना मावशी आली. कॅरियरला जुन्या ट्यूबनं बांधलेली पाटी, हँडलला चिंबोऱ्यांची पिशवी. स्कूटरचा पत्ता नव्हता. मी डझनभर लोक जेवतील एवढी कोलंबी घेतली, घरात आम्ही दोघंच. तरी मन शांत होईना. शेवटी म्हणालो, "मावशी, त्या स्कूटरवाल्याचा नंबर ग्रुपवर मी टाकला होता."

"म्हाईत हाय मना," ती कोलंबी पिशवीत भरत म्हणाली. "तुमच्या वॉचमननं तवाच सांगितलं. म्हनून तर काल तुमच्यापुढंच येऊन उभी राहिले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं काम तुमचं व्हतं ना?"

सवयीनं माझे हात पाठीमागे गेले होते. तिनं ते बघितलं.

"हात पुढं काढा आता. मोबाईल घ्या, ग्रुपवर माझा नंबर टाका. मी हात लावनार नाय, नुसतं सांगनार."

तिनं ओले हात पदराला पुसले, पाठीमागे बांधले आणि एकेक आकडा सांगायला सुरुवात केली.