हो सांग... नको, थांब!

आमच्या लॅबमध्ये सकाळी साडेसहा ते साडेनऊ शिंकायलासुद्धा वेळ नसतो. सगळी माणसं उपाशीपोटी आलेली, त्यात निम्म्यांना चहाची तल्लफ, त्यामुळे जो येतो तो चिडलेला! साडेदहाला सगळी सँपलं मशीनमध्ये जातात. मशीन चालू झालं की आमचे हात रिकामे आणि तोंडं चालू. रोजचा अर्धा तास धरला तरी पंधरा वर्षांत किती किस्से साठले असतील, तुम्हीच विचार करा.

पण गेले दोन महिने सगळे किस्से एकाच विषयावरचे आहेत. विषय आहे माझा फोन. अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा की नाही, एवढा साधा प्रश्न! त्यापायी मी स्वतःची झोप घालवली आणि बाकी तिघांचं डोकं खाल्लं.

बाकी तिघं म्हणजे मशीन सांभाळणारी शिरीन, रिपोर्ट टाइप करणारा केदार, आणि स्कूटरवरून घरोघरी रिपोर्ट पोचवणारे ठाकूरकाका. मी वैशाली. मी रक्त काढते. नवीन पनवेलमध्ये माझ्या हाताला जाम मागणी आहे, सुई कळत नाही म्हणतात. असा हात असणाऱ्या बाईला एक फोन ठरवता येऊ नये!

*

सुरुवात शिरीनने केली. तिचा नवरा आसिफ दोहाला असतो. एका सकाळी ती म्हणाली, "वैशालीताई, हे पुढच्या महिन्यात येतायत. तुझा फोन तर आता मरायला टेकलाय. आयफोन आणायला सांगू का?"

"सांग!" मी म्हटलं. दहा मिनिटांनी तिच्या मशीनपाशी गेले. "नको सांगूस गं. सवय नाही मला." जेवताना म्हटलं, "बरं, सांगून ठेव." संध्याकाळी निघताना पर्स खांद्याला लावली आणि परत वळले. "शिरीन, थांब जरा. उद्या सांगते."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शिरीनने हात जोडले. "ताई, खुदा के वास्ते एकदा काय ते ठरव! मी दिवसातून तीनदा त्यांना हो-नाही, हो-नाही कळवतेय. काल हे सासूला फोन करून विचारत होते, शिरीनची तब्येत बरी आहे ना म्हणून!"

*

केदारला वाटलं, ताईंना डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटायचं नाही. त्याने रीतसर आमच्या लेटरहेडवर माझ्या फोनचा रिपोर्ट काढला. वय वर्षे चार. बॅटरी : कमी. स्टोरेज : प्रमाणापेक्षा बरंच जास्त. काम करताना धाप लागते, मधेच बंद पडतो. शेवटी ठळक अक्षरांत, 'ताबडतोब बदलण्याचा सल्ला'.

आम्ही पोट धरून हसलो. कागद टेबलावर राहिला. ठाकूरकाकांनी सवयीने टेबलावरचे सगळे रिपोर्ट पाकिटांत घातले आणि स्कूटर काढली.

दुपारी खांदा कॉलनीतून एका आजोबांचा फोन. केदारनेच उचलला. आजोबा म्हणाले, "अहो, तुम्ही नाव घातलं नाही, वय चार लिहिलंय, ते जाऊ दे. पण माझं स्टोरेज इतकं वाढलंय? आणि बदलायचं म्हणजे नक्की काय बदलायचं?"

 केदार काही बोलायच्या आत आजोबांनीच विचारलं, "आजपासून भात बंद करू का?"

*

मग शिरीन म्हणाली, "एक दिवस माझा आयफोन वापरून बघ. मी तुझा घेते." आम्ही फोन बदलले. मी बसले बोटं फिरवत. एक फोटो उघडला, आता मागे कसं यायचं? माझ्या फोनला खाली बाण आहे. इथे बाणच नाही! डावीकडून ओढ, वरून ओढ, बाहेर पडायचा रस्ता सापडेना. छातीत धडधडायला लागलं हो, खरंच!

ठाकूरकाका ओवे गावचे. त्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे. ते शांतपणे माझी धडपड बघत होते. म्हणाले, "ताई, आत गेल्यावं जीव घाबरा होतंय, तं जाताव कशाला?"

तेवढ्यात त्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. गडबडीत माझं बोट लागलं आणि समोर शिरीनच्या सासूबाई! पनवेलच्या मोहल्ल्यात राहतात, सुनेवर जीव आहे. त्यांनी मला नीट न्याहाळलं. माझी टिकली पाहिली, मंगळसूत्र पाहिलं. मग मागे वळून कुणाला तरी हाक मारून म्हणाल्या, "या अल्ला! अरे, आसिफला फोन लाव. इथे भलतीच सून आलीय!"

*

आता खरं कारण सांगते. सगळ्यांना वाटायचं मी चेंगट आहे, घाबरट आहे. आहे, थोडी आहे. पण खरी गोष्ट आईची होती.

आई चिरनेरला एकटी राहते. वय एकाहत्तर, शुगर आहे. चार वर्षांपूर्वी मी तिच्यासाठी आणि माझ्यासाठी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे दोन फोन घेतले. दोन्हींवर अ‍ॅपची सगळी चित्रं एकाच क्रमाने लावली. रोज सकाळी ती बोटाला सुई टोचते, शुगरच्या मशीनवरचा आकडा दिसेल असा फोटो काढते आणि मला पाठवते. तो आला की माझा दिवस सुरू होतो.

म्हणजे यायला हवा! रोज काहीतरी अडतं. मग फोन येतो, "वैशे, कायतरी दाबलं गो मी, समदं गेलं!" मी स्पीकर लावते, माझ्या फोनवर बघते आणि सांगते, दुसरी ओळ, डावीकडून तिसरं. माझा फोन म्हणजे तिच्यासाठी माझे डोळे. तो बदलला, तर मी तिला काय बघून सांगणार?

एकदा ऐन गर्दीत तिचा फोन आला. एक दांडगा गडी खुर्चीत बसलेला, दंडाला पट्टा बांधलेला. फोन माझ्या खांद्यावर. मी सांगतेय, "दाबून धर... अजून धर... आता सोड. वर घे. वर, वर!" इकडे त्या माणसाने मूठ आवळली, सोडली आणि हात सरळ डोक्याच्या वर धरला!

"तुम्ही नाही हो!" मी ओरडले. "ते आईला!"

तो हात तसाच वर ठेवून म्हणाला, "मॅडम, आई पण इथेच आहे का? मग आधी तिचं घ्या."

*

शिरीन म्हणाली, "मग आईंना पण आयफोन घेऊन दे." कसा देऊ? हा फोन शिकायलाच तिला दोन वर्षं लागली! माझी अशी चिडचिड व्हायला लागली की घरी नवऱ्याने चहा देताना नुसतं 'काय ठरलं?' विचारलं तरी मी खेकसायची.

शेवटी केदारने डोकं चालवलं. आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे, कुठल्या रंगाच्या नळीत आधी रक्त घ्यायचं त्याचा. त्याच्या शेजारी त्याने आईच्या फोनच्या स्क्रीनचा मोठा फोटो छापून चिकटवला. "आता ताई, तुम्ही कुठलाही फोन घ्या. भिंतीकडे बघा आणि आईंना सांगा."

दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला तेव्हा मी एका तान्ह्या बाळाची शीर शोधत होते. ठाकूरकाकांनी उचलला. भिंतीसमोर उभे राहिले, चष्मा चढवला आणि लागले सांगायला. ज्यांनी आयुष्यात स्मार्टफोन हातात धरला नाही, ते! "आजे, पिवल्या नलीच्या... नाय, थांबा, तो दुसरा तक्ता हाय!"

पाच मिनिटांत फोटो आला. नुसता आला नाही, लख्ख आला. मला आनंद व्हायला हवा होता. पण कुठेतरी खुपलं, खोटं कशाला बोलू? आता माझी अडचण सुटली होती आणि मला ती सुटलेली नको होती.

आठवड्याने काका ओशाळून म्हणाले, "ताई, रागावू नका, तुमची आई माजा नंबर घेऊन आता दुपारची बी फोन करतंय मला. फोनचा काय नाय इचारत. भाजी काय केली, त्या इचारतंय."

*

सोमवारी आसिफ खरेदीला जाणार होता. म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत शेवटचा शब्द द्यायचा होता. मी रविवारी न कळवता चिरनेरला गेले. आईला समोर बसवायचं, आयफोन घेतेय म्हणून सांगायचं, तक्त्याचं समजवायचं, असं सगळं रिक्षात घोकत गेले.

फाटक उघडंच होतं. आई पडवीत शेजारच्या हिराकाकूंबरोबर बसली होती. दोघींची पाठ माझ्याकडे. काकूंचा मुलगा बंदरावर कामाला आहे, त्याने आपला जुना फोन काकूंना दिला होता. आयफोन! तो माझ्या आईच्या हातात होता. मी पायरीवरच थांबले.

"ह्याला बाण नाय गो," आई सांगत होती, "कडेशी बोट ठेव न ओढ. झाला, आलीस मागं. आता फोटो काढ. आता ह्या दाब, पोराचा नाव घे, दे धाडून." आई भराभर दाखवत होती, चष्मासुद्धा न लावता! मग स्वतःचा फोन उचलला, गॅसचा नंबर लावला, बुकिंग केलं आणि खाली ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम.

हिराकाकू तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "तुला तं समदा येतंय! मंग रोज सकाली लेकीला काय इचारतंस गो?"

आई काकूंचा फोन त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "तू तुजा बघ."

माझ्या पायाखाली पायरीवरचं पान वाजलं. आईने वळून पाहिलं.  मग तिने घाईघाईने चष्मा चढवला, आपला फोन हातभर लांब धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बरी आलीस गो बाय! ह्या बघ, सकालधरना कसा करतंय तो. माजा फोटोच जात नाय."

मी चपला काढल्या, तिच्या शेजारी बसले. "दाखव," म्हटलं. आम्ही दोघींनी डोक्याला डोकं लावून शुगरच्या मशीनचा फोटो काढला. तीनदा काढला. दोनदा माझाच हात हलला.

सोमवारी साडेदहाला मशीन चालू झालं आणि शिरीन कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. केदार वळून बसला. ठाकूरकाका हेल्मेट हातात घेऊन थांबले.

"ताई, ते दुकानाच्या दारात उभे आहेत. हो की नाही? शेवटचं विचारतेय!"

"नाही," मी म्हटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच आवाज हलला नाही.

"पण का? आता तर भिंतीवर तक्ता पण आहे!"

"तो काढून टाक," मी म्हटलं. "आईला अजून जमत नाही गं."