गोलावरचा मांडव

तारखारच्या कोळीवाड्यात बुधाजी तांडेलाला दोन वेडं आहेत असं म्हणत. पहिलं दर्याचं. ते पोटापाण्याचं असल्यामुळे त्याला कोणी नावं ठेवत नसे. दुसरं फुटबॉलचं, आणि त्याला सगळेच नावं ठेवत, कारण सामना असला की बुधाजी किनाऱ्यावर इतका ओरडे की पुढचे चार दिवस होडीवर खलाशांना हाताने खुणा करून कामं सांगावी लागत. स्वतः तो कधी खेळला नाही. खेळायचं वय होतं तेव्हा गावात चेंडू नव्हता. तो पुढे कान्हाने आणला, मुंबईच्या गोदीतली नोकरी सोडून आला तेव्हा. नोकरी गेली आणि चेंडू आला, असा हिशेब कान्हाच्या घरात अजून मांडला जाई.

कान्हा कप्तान झाला, कारण चेंडू त्याचा होता. किनाऱ्यावरच्या पाच संघांनी मिळून लीग काढली तेव्हा तारखार त्यात शेवटच्या क्रमांकावर बसलं आणि तिथे चांगलं रुळलं. पण चौतीस साली पंचांनी नवा नियम केला, की शेवटचा संघ पुढच्या वर्षी बाहेर आणि त्याची जागा म्हसळ्याला. बुधाजीला हे फार लागलं. म्हसळ्याला समुद्रसुद्धा नव्हता.

आता एकच सामना उरला होता, तोही घरच्या वाळूवर, पण अलिबागशी. अलिबागकर त्या साली कोणाकडूनही हरले नव्हते. ते कचेऱ्यांतले लोक, जोरदार जेवणारे आणि बूट घालून खेळणारे. तारखारची पोरं अनवाणी. जिंकायचं स्वप्न कोणाला पडत नव्हतं, पण बरोबरी झाली तरी लीगमधली जागा राहणार होती. बरोबरी म्हणजे गोल होऊ द्यायचा नाही, आणि गोल होऊ न देणारा माणूस तारखारला होता. त्याचं नाव अनंता.

अनंताचे हात वल्ह्यासारखे होते. याच हातांवर भाळून बुधाजीने आपली मुलगी कोकिळा त्याला देऊ केली. दुसऱ्या एका स्थळाची स्वतःची होडी होती, तरी बुधाजीने ते परत पाठवलं. बायकोला, मनुबाईला, त्याने कारण सांगितलं, की अनंता निर्व्यसनी आहे. अनंता विड्या ओढायचा. कोकिळेला तो आधीपासूनच आवडत होता, म्हणून तिने बापाचं कारण काही तपासून पाहिलं नाही.

तारखारला जे काही करायचं ते भांगेला करत. चंद्र अर्धा असला की पाण्याला जोर नसतो, जाळ्यात मासळी येत नाही आणि सगळ्या होड्या किनाऱ्याला असतात. त्या चार-पाच दिवसांना भांग म्हणायचं. लग्नं, भांडणं, वाटण्या, सामने, सगळं भांगेला. एरवी माणसंच गावात नसत. तेव्हा कान्हाने विचारलं, "तांडेल, अलिबागला कवा बोलवू?" तर बुधाजी म्हणाला, "वैशाखातल्या भांगेला, वद्य नवमीला. दुपारी ओहोटी हाय, वाळू मोकळी मिलंल." त्याच संध्याकाळी व्याह्यांकडे बसून त्याने लग्नाचीही नवमीच धरली. दोन्ही वेळा त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. दोन्ही आनंदाच्या गोष्टी होत्या, आणि आनंदाच्या गोष्टी एकमेकींवर आपटतील हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

ते मनुबाईच्या डोक्यात आलं. कोलंबी सोलता सोलता ती म्हणाली, "अवो, लगीन सांजचा हाय ना?"

"व्हय."

"मंग हलद आदल्या दिवशी लागंल. हलद लागलेला नवरा उंबऱ्याभायेर कसा जायाचा?"

बुधाजीने कपाळावर हात मारला. हळद लागली की नवऱ्याने मांडव सोडायचा नाही, वाऱ्यावर जायचं नाही, हातातला अडकित्ता खाली ठेवायचा नाही. हळदीच्या अंगाला बाहेरची बाधा लवकर होते. हे तारखारमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि बुधाजीलाही मान्य होतं. फक्त हे गोलकीपरलाही लागू पडतं याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

सामना पुढे ढकलावा तर पंच ऐकेनात. लग्न पुढे ढकलावं तर पुढची भांग अमावास्येनंतरची, आणि तोवर पावसाची चाहूल. शेवटी तो धवलारणीकडे गेला. सोनूबाई ही गावची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी. तिच्या शब्दापुढे भटाचंही चालत नसे.

"सोनूबाय, नवरा मांडवातून जायाचा न्हाय, बरोबर?"

"बरोबर."

"आणि मांडवच लांब असला तर?"

सोनूबाईने तंबाखू मळली. पन्नासएक लग्नं लावलेल्या बाईला हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. "मांडव किती लांब असावा ह्याचा धवला न्हाय," ती म्हणाली. "वरती छप्पर असलं म्हणजे मांडव. खाली तो काय का करंना."

झालं. अनंताचं घर किनाऱ्यालगतच होतं. बुधाजीने आपल्या होडीचं शीड सोडून आणलं, बांबू रोवले आणि घरच्या मांडवाची एक शेपटी थेट गोलाच्या खांबांपर्यंत नेली. वरून आंब्याचे टहाळे बांधले. अडकित्ता कमरेला बांधायचा असं ठरलं. तेवढ्यात कान्हाने विचारलं, की अर्धा खेळ झाल्यावर बाजू बदलतात त्याचं काय? बुधाजी एक दिवस जेवला नाही. मग तोडगा निघाला, की मध्यंतरात चौघांनी चार काठ्यांवर लुगडं धरायचं आणि अनंताने त्याखालून, सोनूबाईच्या धवल्यांच्या तालावर, पलीकडच्या गोलात जायचं. तिथे दुसरं शीड. अलिबागच्या कप्तानाला निरोप गेला. त्याने उलट निरोप पाठवला, की छपराला आमची हरकत नाही, वऱ्हाड मात्र गोलात उभं करू नये.

म्हणजे बुधाजीने सगळ्यांना विचारलं होतं. धवलारणीला, व्याह्यांना, पंचांना, अलिबागकरांना. अनंता तर एका पायावर तयार होता. अष्टमीच्या संध्याकाळी दोन्ही घरी हळद लागली. बुधाजी खुशीत घरी आला आणि हळदीने पिवळ्या झालेल्या कोकिळेसमोर बसून त्याने तिला शिडापासून लुगड्यापर्यंत सगळी हकिकत सांगितली. ती हसेल अशी त्याची खात्री होती.

कोकिळा हसली नाही. "बा, ते अलिबागवाले बुटं घालतान ना?"

"घालतान की."

"मागल्या साली आगरदांड्याच्या पोराचा पाय मोडला. तो अजून लंगडतं."

"तो चुकून लागला गो. मुद्दाम कोण मारतं?"

"चुकूनच लागंल," ती म्हणाली. "पण हलदीच्या अंगाला लागंल. मंग गाव काय बोलंल? फुटबॉलानं पाय मोडला असं बोलंल? कोकिलीनं मोडला बोलतील. पांढऱ्या पायाची पोरगी आली, घरात पाऊल टाकलं न्हाय तवाच नवरा अधू केला. तुमचा सामना एक दुपारचा. मना त्या घरात जलमभर र्‍हायाचं हाय."

अनंताला लागेल का, असं बुधाजीने मनात जरा चाचपून पाहिलं, तर लागणं सहज शक्य होतं. आणि लागलं तर गाव काय म्हणेल तेही खरंच होतं. दुसऱ्याच्या सुनांबद्दल असं त्याने स्वतःच म्हटलेलं होतं.

तो उठला, किनाऱ्यावर गेला आणि शिडाच्या गाठी सोडू लागला. कान्हा धावत आला.

"तांडेल, ह्या काय करतंस?"

"अनंता खेलनार न्हाय."

"डोकं फिरलं काय? अकरा टालकी हायत गावात, बारावा न्हाय. गोलात कोन उभा करू?"

बुधाजीने शीड खांद्यावर टाकलं. "मी हाय ना," तो म्हणाला.

कान्हा हसला नाही, कारण गोष्ट हसण्यापलीकडे गेली होती. बुधाजीचं वय पन्नाशीच्या घरात होतं आणि मुलीचा बाप म्हणून लग्न लागेपर्यंत त्याला उपास होता.

सकाळपर्यंत बातमी घरोघर गेली. अनंता मांडवात तोंड फुगवून बसला. मनुबाई नवऱ्याला जे बोलली ते लग्नघरात बोलण्यासारखं नव्हतं. दुपारी बुधाजी धोतर वर खोचून निघाला तेव्हा कोकिळा आतून दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आत थांबली.

"बा, आनी तुमाला लागलं तर?"

"मना लागलं तर कोनाच्या पायगुनाची गोठ न्हाय," बुधाजी म्हणाला. "म्हातारा पिसाळला बोलतील. ते आताच बोलतान."

कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हळदीच्या हाताने ते पुसलं आणि गालावर जास्तच पिवळी झाली.

वाळू मोकळी होती, ऊन रणरणत होतं, सगळं गाव बाजूला उभं होतं. बुधाजी गोलात जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं त्याने खेळ कडेने पाहिला होता. कडेने माणसं धावताना दिसायची, पाय दिसायचे, चेंडू दिसायचा. समोरून कधी पाहिलं नव्हतं. शिट्टी झाली आणि अलिबागची पोरं त्याच्याच दिशेने निघाली, वाळू उडवत, आणि त्याला पहिल्यांदा त्यांच्या बुटांचे तळ दिसले. प्रत्येक तळाला चामड्याच्या जाड खुंट्या ठोकलेल्या होत्या. भीती वाटली याचं त्याला काही वाटलं नाही. याच जागेवर अनंताला उभा करून आपण कडेने "आडवा पड, आडवा पड" म्हणून ओरडत आलो, आणि हे तळ त्याला दिसत असतील असं एकदाही आपल्या मनात आलं नाही, याची मात्र त्याला लाज वाटली. चेंडू आला. बुधाजी आडवा पडला.