दाजींचा चुकलेला नेम

आधीच सांगून टाकतो, ही गोष्ट आर्विद निएमीची आहे, पण तोंड काळं झालं ते माझं. आर्विद म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, लेंपीताईचा नवरा. मी त्यांना दाजी म्हणतो. उंच, हाडकुळे आणि बोलण्यात महाकंजूस. जन्म गेला जंगलात झाडं तोडण्यात. एकदा पायावर ओंडका पडला तर म्हणे, "जरा लागलं." हाड दोन ठिकाणी मोडलं होतं!

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडला की सुपीरियर सरोवराकाठचं आमचं सगळं गाव जंगलात. शाळा बंद, गॅरेज बंद, पाद्रीसुद्धा जागेवर सापडायचा नाही. जंगलातल्या आमच्या शिकारीच्या कॅम्पवर जुना नियम आहे. हरणावर झाडलेली गोळी फुकट गेली की त्या माणसाच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. माझी तिथे पाच शेपटं होती. कॅम्पचा म्होरक्या रूडी माकी, त्याची नऊ. दाजींचं एकही नव्हतं. अडतीस हंगामांत एकही नाही! खात्री असेल तरच चाप ओढायचा, नाहीतर हरीण आपल्या वाटेने आणि आपण आपल्या, असा त्यांचा खाक्या.

सत्तरीला टेकले तसा संधिवाताने हात धरला. त्यांची रायफल जुनी, खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की काडतूस चढतं, त्या जातीची. हातमोजे घातलेली सुजलेली बोटं त्या कडीत जाईनात. घोडा अंगठ्याने मागे ओढवेना. वर नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, तोही त्यांना नीट दिसेना. ताई मला म्हणाली, "विल्बर्ट, तू एवढा गावभर बंदुका दुरुस्त करत फिरतोस, घरच्या माणसाचं बघ की जरा."

मी बघितलं, आणि जीव ओतून बघितलं, हे खोटं नाही. रुंद कडी घडवून बसवली, तिला हरणाचं चामडं गुंडाळलं. घोड्याला बाजूने एक बोंड लावलं, म्हणजे अंगठा आपोआप तिथे जाईल. दस्ता बोटभर कापून त्याला रबराची गादी लावली. पुढे पांढऱ्या टिकलीची नवी माशी, आणि मागे जुनी खाच काढून गोल भोकाची चकती. त्या भोकातून बघितलं की म्हाताऱ्या डोळ्यालाही टिकली लख्ख दिसते.

हंगामाच्या आदल्या दिवशी खाणीमागच्या मैदानात दाजींनी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही एका बशीत मावतील एवढ्यात! रूडी ओरडला, "अरे विल्बर्ट, लेका, तू बंदूक केलीस की जादू?" झालं, मी फुगलो. चकतीचा नेम जमला की तिचे दोन्ही स्क्रू काढायचे, आट्यांना ते निळं चिकट औषध लावायचं, परत घट्ट पिळायचे आणि रात्रभर सुकू द्यायचे, हे मला झोपेतही पाठ आहे. नाहीतर गोळीच्या धक्क्याने स्क्रू ढिले पडतात. पण मी गेलो बिअर प्यायला. चार माणसांत शेखी मिरवत बसलो आणि ते औषध माझ्या खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींसमोर आठ टोकांच्या शिंगांचा नर चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला. दाजींनी चाप ओढला. नर उडी मारून पसार. बर्फावर ना रक्त ना केस. दाजींनी दोन तास माग काढला, जखमी जनावर मागे राहायला नको म्हणून. गोळी साफ वाया गेली होती.

दुपारी सगळे सौनात, म्हणजे कॅम्पच्या वाफेच्या खोलीत, घाम काढत होते तेव्हा मी खुंटीवरची दाजींची रायफल खाली घेतली. चकतीवर बोट ठेवलं. ती डुगडुगली! त्या क्षणी सौनाचं दार उघडून नुसतं एवढं म्हणायचं होतं, "दाजी, चूक माझी." पण आत रूडी होता, आणखी सहा जण होते, त्या सगळ्यांच्या बंदुका माझ्याकडे येतात. मी खिशातला पेचकस काढला, स्क्रू पिळले आणि रायफल होती तशी टांगून ठेवली. चोरासारखं.

संध्याकाळी शेपूट कापलं. रूडीने कात्री नाचवली, "या नवरदेव, या! अडतीस वर्षं वाट बघितली या मुहूर्ताची!" सगळे हसले. दाजीही थोडे हसले, पाठमोरे उभे राहिले. शर्ट ताईने शिवलेला होता. मी टाळ्या वाजवत होतो हो! माझेच हात, माझ्याच टाळ्या.

घरी परतल्यावर दाजींनी रायफल माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे राहू दे. तू केलंस ते उत्तम केलंस. माझे डोळे गेले." ताई म्हणाली डॉक्टरला दाखवू, तर म्हणाले, "डॉक्टर वेगळं काय सांगणार? हरणाने सांगितलंच की."

मग एकेक गोष्ट सुटत गेली. आधी संध्याकाळनंतर गाडी चालवणं सोडलं, मग चालवणंच सोडलं. माशांच्या गळाला पिसं बांधायचे, ते सोडलं. माझी ताई साठी उलटल्यावर बर्फात ट्रक चालवायला लागली. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला. ताईच्या हातची मांस-बटाटा भरलेली पेस्टी खायचो आणि घास गिळताना मान वर होत नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन वर्षं गेली. माणूस एकदा गप्प बसला की गप्प बसण्याचीच लाज वाटायला लागते, आणि ती मूळ चुकीपेक्षा मोठी होते.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात ताई माझ्या वर्कशॉपवर आली. डोळे लाल. "कॅम्पवरची जागा सोडतायत ते. रूडीच्या जावयाला देणार म्हणे. रायफल विकून टाक म्हणालेत. अरे, त्या जागेशिवाय या माणसाजवळ आहे काय?"

तेव्हा मी उठलो. रायफल घेतली आणि तिच्याच ट्रकमध्ये बसून तिच्या घरी गेलो. दाजी खिडकीशी बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, "दाजी, तुमचे डोळे चुकले नव्हते. मागची चकती ढिली होती. स्क्रूंना औषध लावायचं मी विसरलो. नेम तुमचा नाही चुकला, काम माझं चुकलं."

दाजींनी मान खिडकीकडे वळवली. मग दूर अंगणाकडे बघून म्हणाले, "लेंपी, कुंपणावर तो इवलासा पक्षी बसलाय, तो चिकडी आहे ना?" ताई म्हणाली, "हो." दाजींचा चेहरा असा उजळला की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन वर्षं हा माणूस दिसत असलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नव्हता.

मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

सांगायचं होतं, "त्याच दिवशी." तोंड उघडलंही. ताई माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "काल. सहज साफ करायला काढली, तेव्हा."

दाजी उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. "काल कळलं आणि आज आलास," म्हणाले. "दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता."

त्या नोव्हेंबरात दाजी कॅम्पवर आले. तेव्हापासून गावात कुणी बंदुकीचं काम काढलं की दाजी स्वतः त्याला घेऊन माझ्या दारात येतात आणि म्हणतात, "याच्याकडेच दे. चूक झाली तर लपवणारा माणूस नाही हा." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, मी लाजलो.