इश्तरची मूर्ती आणि हिरव्या बांगड्या

इंग्लंडात, लीड्सला आई हॉस्पिटलातल्या फरशा पुसायची, बाबा अंथरुणावर. हिवाळ्यात आम्ही सगळे एका खोलीत झोपायचो, हीटर तेवढाच परवडायचा. कॉलेज घरात कुणी पाहिलं नव्हतं. मी गेले, तेही लग्नानंतर.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रबंध इश्तरवर होता. मेसोपोटेमियाची ही देवी, संतती तिची आणि युद्धही तिचंच. ती पाताळात उतरते तेव्हा सात दारांवर तिचा एकेक दागिना काढून घेतात, आणि इकडे पृथ्वीवर कुणाला दिवसच जात नाहीत. हे मी बिनधास्त लिहिलं होतं.

म्युझियममध्ये तिची मातीची मूर्ती हाताळायची वेळ आली, तेव्हा मला सातवा महिना होता.

"बांगड्या काढा, मूर्तीवर आपटतील," तिथल्या बाई म्हणाल्या.

डोहाळजेवणात आईने भरलेल्या त्या हिरव्या बांगड्या बाळंतपणापर्यंत काढायच्या नव्हत्या. पोटात बाळ हलत नाहीये असंच वाटू लागलं. बाहेर येऊन आईला फोन लावला.

"काढ गं," ती म्हणाली. "इतकं शिकवलं ते घाबरून परत यायला?"

पण तिचाही आवाज कापत होता.

मी एकेक बांगडी काढली आणि मूर्ती हातात घेतली.

मुलगी सुखरूप झाली. त्याच उन्हाळ्यात मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.