डोक्यातला गॅस

माझी पीएचडी झाली तेव्हा आईनं गारगोटीच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर बातमीही वाटली, "लेक डोक्यात चढणाऱ्या गॅसवर डॉक्टर झाली." पुढचा आठवडाभर बायका ढेकर आणि डोकेदुखी घेऊन माझ्याकडे येत राहिल्या. मी तेव्हा जाम वैतागले होते. खरं तर आईचं फारसं चुकलं नव्हतं. माझा विषय होता झोप आणि नायट्रिक ऑक्साइड. तो गॅसच आहे आणि मेंदूत तयारही होतो, फक्त पोटातून वर चढत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला कोल्हापूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे हुकूम सोडायची सवय आहेच. स्वयंपाकाला बाई लावली, बाजार फोनवर मागवायला लागले, आईच्या हातात भाजीची पिशवीही येऊ दिली नाही. "पड जरा," हे मी दिवसातून दहा वेळा म्हणायची. तीही बिचारी पडायची, डुलक्या घ्यायची.

आणि तिची रात्रीची झोप गेली. रोज सकाळी एकच रडगाणं, "डोळ्याला डोळा लागला न्हाई." डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी दिली, तर आई तिलाच घाबरून बसली. गोळीबिगर झोप येत नाही म्हणजे आपलं डोस्कं कामातनं गेलं, असं तिनं मनाशी धरलं. हे बोलताना तिचे डोळे भरून यायचे.

एका दुपारी मी कॉलेजातल्या व्याख्यानाची तयारी करत होते. आई सोफ्यावरून म्हणाली, "तुझा त्यो गॅस मला का येत न्हाई गं?"

मी मास्तरीणबाईसारखी सुरू झाले. आपण जागे राहिलो की मेंदूच्या पुढच्या भागात, तळाशी असलेल्या पेशी हा वायू करायला लागतात. जागणं लांबलं की वायू वाढतो. त्याच्यामुळे अॅडेनोसिन नावाचं रसायन सुटतं आणि मेंदूला निरोप पोचतो, बास झालं, झोप आता. उंदरांमध्ये हा वायू अडवला, तर कितीही जागवलं तरी ते बुडालेली झोप भरून काढत नाहीत. शिवाय तो साठवून ठेवता येत नाही, रोजचा रोज करावा लागतो.

"म्हणजे जागल्याबिगर त्यो व्हत न्हाई?"

"नाही."

"आणि दिवसभर लोळत पडलेल्याचं कसं?"

"डुलक्या काढल्या तर तो तेवढा वाढत नाही," मी म्हणाले.

"मग माझं जागणं तूच काढून घेतलंस की," आई म्हणाली. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या साधेपणानं.

मला आधी रागच आला. एवढं करून हे ऐकायचं? मग लाज वाटली. उंदरांच्या झोपेचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी मी, घरातल्या माणसाकडे बघितलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आईनं वर्षाची चटणी काढली. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, आणि मी तो दोन वर्षं पाकिटातला आणत होते. तिनं खुर्चीवर बसून मिरच्यांची देठं खुडली, खोबरं भाजलं, माझ्याबरोबर मिरची कांडायच्या डंकावर आली आणि तिथल्या माणसाला सुनावलं, "पावणं, भरड ऱ्हायलीया की, अजून कांडा." चार दिवस हे चाललं. 'पड जरा' मी दाताखाली धरून ठेवलं. मग रोजचं काही ना काही ती काढतच गेली, आणि डॉक्टरांना विचारून गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

एका सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली तरी आई उठली नाही. मी तिच्या खोलीत जाऊन बघितलं. ती घोरत होती, हाताला आदल्या रात्री सोललेल्या लसणाचा वास होता. मला इतकं बरं वाटलं की तिथंच उभी राहिले.

साडेसातला ती धडपडत बाहेर आली. "एवढं ऊन वर आलं, उठवलं का न्हाईस?"

मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. सवयीनं तोंडातून गेलंच, "पड जरा."

"झालं की पडून," असं म्हणत तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली.